अप्पांच्या डब्यातल्या दोन कॅप्सूल

आमच्या घरात शिवणकामाचा एक पत्र्याचा डबा आहे, बिस्किटाचा जुना, त्यात बटणं, सुया, तुटलेल्या चेनी आणि अगदी तळाशी एका गोळ्यांच्या पाकिटाचा कापलेला तुकडा. त्या तुकड्यात दोन कॅप्सूल आहेत. एक्सपायरी कधीच होऊन गेलीय, छापलेलं आता वाचताही येत नाही, पण आईने कधी फेकल्या नाहीत आणि अप्पांनी फेकू दिल्या नाहीत. त्या टॅमीफ्लू ह्या फ्लूवरच्या औषधाच्या आहेत. फेब्रुवारी २००६ च्या.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. भारतात पोल्ट्रीमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आमच्या नवापुरात. १८ फेब्रुवारी २००६, शनिवार. त्याआधी दोनेक आठवडे कोंबड्या पटापट मरत होत्या आणि सगळे म्हणत होते मानमोडी आहे, म्हणजे राणीखेत, कारण पोल्ट्रीवाल्याला मानमोडी माहीत असते, दरवर्षी कुठेतरी येतेच. मग भोपाळच्या लॅबचा रिपोर्ट आला की हा एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा व्हायरस आहे, आणि नवापूर हे नाव, जे तोपर्यंत फक्त अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये असलेल्या रेल्वे स्टेशनमुळे थोडंफार माहीत होतं, ते रात्रीतून सगळ्या चॅनलवर गेलं.

मी तेव्हा नववीत होते. अप्पा साक्रीकडचे, पण कामासाठी नवापूरला आलेले, एका लेयर फार्मवर, म्हणजे अंड्यांच्या पोल्ट्रीवर, सुपरवायझर. शेडमधल्या सगळ्या कोंबड्या मारायच्या ठरल्या तेव्हा बाहेरून आलेल्या टीमला शेड दाखवायला, पिंजरे उघडायला, खड्ड्यापर्यंत पोती न्यायला फार्मची माणसं लागलीच. अप्पांना पांढरा सूट दिला, गॉगल दिला, मास्क दिला, आणि कॅप्सूल दिल्या. रोज एक घ्यायची, चुकवायची नाही, असं सांगितलं. जेसीबीने खणलेले ते खड्डे, त्यात टाकलेला चुना, आणि अंड्यांचे ट्रेच्या ट्रे फोडल्याचा वास, ह्याबद्दल अप्पा आजही फार बोलत नाहीत, मीही इथे लिहिणार नाही. मला सांगायचंय ते त्या कॅप्सूलचं.

अप्पांनी सगळ्या घेतल्या नाहीत. शेवटच्या दोन त्यांनी कात्रीने कापून त्या डब्यात ठेवल्या. का, तर पोरांना ताप आला तर. मी आणि धाकटा भाऊ. हे आम्हाला कळलं खूप वर्षांनी, आईकडून.

पुढे मी मायक्रोबायोलॉजीत एमएससी केलं आणि तीन वर्षं एका लॅबमध्ये प्रोजेक्टवर काम केलं, तिथलं काम नेमकं हेच निघालं, फ्लूचा व्हायरस औषधाला दाद देतो की नाही हे तपासायचं. बर्ड फ्लूचा व्हायरस मी हाताळलेला नाही हे आधीच सांगते, त्याला बीएसएल-३ लागते, म्हणजे आतली हवा बाहेर जाणार नाही अशी कमी दाबाची खोली, हेपा फिल्टर, बाहेर पडताना अंघोळ, सगळं. माझ्या हातात असायचा साधा सिझनल फ्लू. पण टेस्ट तीच, औषध तेच, गणित तेच. पहिल्याच सुट्टीत घरी आले तेव्हा रात्री ओट्यावर बसून अप्पांना सांगत होते की मी काय करते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमले जी गोळी दिन्ही ती त्या रोगवर चालस का नही, हाई कोणी देखेल व्हतं का वं?"

मी गप्प झाले. इतकी वर्षं त्या कॅप्सूलबद्दल मी फक्त अप्पांचं प्रेम म्हणून विचार केला होता. हा प्रश्न मला सुचला नव्हता आणि माझं तर कामच ते होतं.

तर कोणीतरी कसं बघतं ते सांगते, कारण हे फार सुंदर आहे आणि आपल्याकडे ह्याबद्दल कोणी लिहीत नाही.

फ्लूचा व्हायरस पेशीत शिरतो, आपल्या हजारो कॉपी काढतो, आणि मग त्या कॉपी पेशीच्या बाहेर पडतात, पण सुटत नाहीत. पेशीच्या अंगावर सायॅलिक अ‍ॅसिड नावाची साखर असते, तिलाच धरून तो आत आलेला असतो, आणि बाहेर पडताना त्याच साखरेला परत चिकटतो, दावणीला बांधलेल्या वासरासारखा. हे दावं कापायला त्याच्याकडे स्वतःचं हत्यार असतं, न्यूरामिनिडेज नावाचं एन्झाइम. एच५एन१ मधला 'एन' तो हाच. दावं कापलं की वासरू मोकळं, पुढच्या पेशीत. टॅमीफ्लू, म्हणजे ऑसेल्टामिवीर, ह्या हत्याराच्या पात्यात जाऊन अडकून बसतं. व्हायरस मरत नाही, बांधलेला राहतो, आणि तेवढ्या वेळात आपलं शरीर त्याचं बघून घेतं. म्हणूनच लक्षणं दिसल्यावर ४८ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा सगळ्यात जास्त फायदा होतो असं सांगतात, कारण वासरं सगळ्या शिवारात पांगल्यावर दाव्याला हात लावून काय उपयोग.

ह्या हत्याराचा आकार शास्त्रज्ञांना कळला त्यात पक्ष्यांचाही हात आहे. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या एका समुद्रपक्ष्याकडून १९७५ मध्ये जो व्हायरस मिळाला त्याच्या न्यूरामिनिडेजचे फार चांगले क्रिस्टल्स बनले आणि एन्झाइमची नेमकी घडण समजून घ्यायला ते खूप उपयोगी पडले. म्हणजे पक्ष्यांच्या तापावरच्या औषधाची वाट पक्ष्यानेच दाखवली, असं मला नेहमी वाटतं. आणि दुसरी गंमत अशी की ऑसेल्टामिवीर बनवायला जो कच्चा माल लागतो, शिकिमिक अ‍ॅसिड, तो सुरुवातीला मुख्यतः चक्रफुलातून काढायचे. तेच चक्रफूल जे आई खानदेशी काळ्या मसाल्यात टाकते. आता बॅक्टेरियाकडूनही तो बनवून घेतात. (चक्रफूल खाऊन फ्लू बरा होत नाही, हे मला दर हिवाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला ना कोणाला सांगावं लागतं, मसाला तो मसालाच.)

आता टेस्ट. व्हायरसला जी साखर कापायची सवय आहे तशाच साखरेला एक रसायन जोडलेलं असतं. जोडलेलं असतं तोवर ते जवळजवळ अंधारात असतं, पण न्यूरामिनिडेजने कापून मोकळं केलं की अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात निळं चमकतं. लॅबमध्ये आम्ही त्याला मुनाना म्हणायचो, पूर्ण नाव एवढं लांब की मॅडमसुद्धा दम घेऊन म्हणायच्या. तर ९६ खळग्यांची एक प्लास्टिकची प्लेट घ्यायची, हाताच्या पंजाएवढी. एका ओळीत औषध भरायचं, पहिल्या खळग्यात खूप, पुढच्यात त्याच्याहून पातळ, त्याच्या पुढच्यात आणखी पातळ, असं करत शेवटच्या खळग्यात औषधच नाही. सगळ्यात सारखा व्हायरस. थोडा वेळ दोघांना एकमेकांची ओळख होऊ द्यायची, मग ते चमकणारं रसायन, मग ३७ डिग्रीला तासभर. मग रिअ‍ॅक्शन थांबवायची आणि मशीनमध्ये घालून उजेड मोजायचा.

जिथे औषध चाललं तिथे अंधार. जिथे नाही तिथे उजेड.

माझ्या पहिल्या प्लेटला मी फार खूश झाले होते, कारण सगळी प्लेट मशीनमध्ये भरपूर आकडे दाखवत होती आणि मला वाटलं वा, काय मस्त रिझल्ट. मॅडमनी बघितलं आणि शांतपणे विचारलं, "औषध टाकलंस का?" टाकलं होतं पण चुकीच्या बाजूने मोजलं होतं, पातळ करताना एक पायरी गाळली होती. त्या दिवसापासून पिपेट, म्हणजे थेंब मोजून टाकायची नळी, धरताना माझा श्वास आपोआप हळू होतो, अजूनही, चहात साखर टाकताना सुद्धा.

उजेड निम्म्यावर यायला औषध किती लागलं तो आकडा म्हणजे आयसी५०. साध्या, दाद देणाऱ्या व्हायरसला ऑसेल्टामिवीर एक नॅनोमोलरच्या आसपास पुरतं, म्हणजे इतकं कमी की मनात आणता येत नाही. मग तुमच्या नमुन्याचा आकडा त्याच्या किती पट आहे ते बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये हद्दी ठरवून दिल्यात, इन्फ्लुएन्झा ए साठी (फ्लूचा एक मोठा प्रकार, बर्ड फ्लू त्यातलाच) १० पटीच्या आत असेल तर नेहमीसारखा, १० ते १०० पट असेल तर दाद कमी झालेला, १०० च्या वर गेला तर खूपच कमी. आणि दर प्लेटसोबत दोन ओळखीचे व्हायरस चालवायचे, एक नक्की दाद देणारा, एक नक्की न देणारा. ते दोघं आपापल्या जागी आले नाहीत तर ती अख्खी प्लेट फेकायची, भले आतला नमुना कितीही मोलाचा असो. मला ह्या कामातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडायची. आपण म्हणतो ते बरोबर आहे का, हे आधी स्वतःला विचारून मगच दुसऱ्याबद्दल बोलायचं.

लोक म्हणतात हल्ली सिक्वेन्सिंग इतकं सोपं झालंय, जीन वाचा आणि सांगा, हा सगळा प्लेटचा खटाटोप कशाला. वाचतातच, आणि लवकर कळतं ते वाचूनच. पण वाचून फक्त ओळखीचे चोर सापडतात. नवीन बदल दिसला तर त्याने औषधाला अडतं की नाही हे शेवटी व्हायरस आणि औषध समोरासमोर आणूनच कळतं, त्याला दुसरा रस्ता नाही असं माझं ठाम मत आहे.

ओळखीच्या चोरांमधला सगळ्यात नावाजलेला म्हणजे एच२७५वाय. न्यूरामिनिडेज ही अमिनो अ‍ॅसिडची माळ, त्यातला २७५ नंबरचा एक मणी बदलतो, हिस्टिडिनच्या जागी टायरोसिन. झालं, एवढंच. पण त्यामुळे ऑसेल्टामिवीरला आत बसायला शेजारच्या मण्याने जी जागा करून द्यायची असते ती त्याला करता येत नाही, आणि आयसी५० काहीशे पटीने वर जातो. झॅनामिवीर नावाचं दुसरं औषध, जे तोंडाने ओढून घेतात, ते मूळ साखरेसारखंच दिसतं म्हणून त्याला ह्या बदलाने फारसा फरक पडत नाही. बॅलॉक्साव्हिर म्हणून तिसरं आहे, जपानमध्ये २०१८ ला आलं, ते न्यूरामिनिडेजच्या वाटेलाच जात नाही, कॉपी काढायच्या यंत्रावर घाव घालतं, त्यामुळे त्याची तपासणी वेगळी, पेशींमध्ये व्हायरस वाढवून करायची. आणि अमॅन्टाडीन हे सगळ्यात जुनं, १९६० च्या दशकातलं, ते आता जवळजवळ हातचं गेलंय, माणसांच्या फ्लूने त्याला दाद देणं सोडलं आणि बर्ड फ्लूच्याही बऱ्याच व्हायरसांनी. माणसांसाठी ठेवलेली असली औषधं कोंबड्यांना देण्यावर चीनने २००५ मध्ये बंदी घातली.

अप्पांच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे सगळ्यात जास्त लागलं ते व्हिएतनामचं. २००५ मध्ये तिथल्या एच५एन१ च्या पेशंटमध्ये उपचार चालू असतानाच हा एच२७५वाय बदल आलेला सापडला आणि त्यातले काही पेशंट वाचले नाहीत. म्हणजे नवापुरात अप्पांच्या हातात पाकीट पडलं त्याच्या आधीच जगाला माहीत होतं की ही गोळी कधीकधी निसटू शकते. तरी तीच दिली, आणि तेच बरोबर होतं, कारण तिच्याहून चांगलं हातात दुसरं काही नव्हतं. आमच्याकडचा व्हायरस क्लेड २.२ ह्या घराण्यातला निघाला, आणि त्या घराण्यातले बहुतेक व्हायरस ऑसेल्टामिवीरला दाद देणारे. नवापूर-जळगावकडे ज्या माणसांचे नमुने घेतले त्यांच्यात एच५एन१ सापडला नाही. हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हंजे चालनी असती." हो अप्पा, चालली असती.

पण हे मला नंतर कागद वाचून कळलं. त्या दिवशी खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसांना ते कोणी सांगितलं नाही, सांगता येण्यासारखंही नव्हतं, नमुना अजून लॅबमध्ये होता. हा वेळ लागतोच. अंड्यात किंवा पेशींमध्ये व्हायरस वाढवायला दिवस जातात, मग तो पुरेसा आहे का ते बघायचं, मग प्लेट, मग परत प्लेट. म्हणून हा प्रश्न साथ आल्यावर विचारून भागत नाही, तो सतत, दरवर्षी, सगळीकडचे व्हायरस घेऊन विचारत राहावा लागतो, कोणी आजारी नसताना, कोणाला त्यात बातमी दिसत नसताना.

आणि व्हायरसला बदलायला औषधाचा धाक लागतोच असंही नाही. २००७-०८ च्या हिवाळ्यात युरोपात साध्या एच१एन१ मध्ये हाच २७५ चा बदल दिसायला लागला, जिथे गोळी फारशी वापरतही नव्हते तिथे, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत जगभरचा तो सिझनल एच१एन१ जवळजवळ सगळा ऑसेल्टामिवीरला न जुमानणारा झाला. मग २००९ चा स्वाइन फ्लू आला, त्याने त्याला हटवलं, आणि हा नवा बहुतांशी दाद देणारा होता म्हणून आपण सुटलो. आता अलीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात आठ कोंबडी फार्मवरच्या एच५एन१ मध्ये तोच एच२७५वाय सापडला. हे वाचलं तेव्हा मी शहाद्याच्या बसमध्ये होते आणि माझ्या डोळ्यासमोर कॅनडा आलंच नाही, आमच्या फार्मची ती लांब शेड आली, दोन्ही बाजूंना पिंजरे, मधल्या पट्टीवरून अंडी गोळा करत जाणारे अप्पा. तिकडे नमुने घेणारं कोणी नसतं तर?

इथेच माझा जीव अडकतो. एवढी मशीन, एवढी प्लेट, एवढे नॅनोमोलर, पण सगळ्याची सुरुवात होते एका पोल्ट्रीवाल्याच्या फोनपासून. त्याने फोन नाही केला, मेलेल्या कोंबड्या रात्रीतून नदीकाठी पुरल्या, उरलेल्या स्वस्तात विकून टाकल्या, तर जगातल्या कुठल्याच लॅबला काही विचारायला मिळत नाही. आणि तो फोन का करत नाही हे मला चांगलं माहीत आहे, कारण २००६ नंतर आमच्या घरी वर्षभर काय चाललं होतं ते मी बघितलंय. फार्म बंद, पगार बंद, अप्पा काही महिने सुरतला एका कारखान्यात पॅकिंगला. भरपाईचे पैसे मालकाला मिळायचे, तेही मिळता मिळता, सुपरवायझरला आणि अंडी वेचणाऱ्या बायांना कसली भरपाई. नवापूर परत उभं राहिलं, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये, कोरोना चालू असतानाच, परत बर्ड फ्लू आला आणि परत लाखो कोंबड्या गेल्या. अशा माणसाला तुम्ही 'जबाबदारीने कळवा' असं पोस्टर दाखवून काय होणार? त्याचं नुकसान वेळेवर, पूर्ण, आणि मजुरासकट भरून द्या. मला तरी हा लॅबच्या बजेटचाच भाग वाटतो.

आता मी नंदुरबार जिल्ह्यातच एका कॉलेजात शिकवते. गेल्या हिवाळ्यात अप्पांच्या ओळखीच्या एका पोल्ट्रीवाल्याचा रात्री साडेनऊला फोन आला, त्याच्याकडे दोन दिवसांत चाळीसेक कोंबड्या गेल्या होत्या. मला विचारत होता, ताई, कोणती गोळी पाण्यात टाकू. मी म्हटलं, कुठलीच टाकू नका, माणसांची तर मुळीच नको, सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. तो घुटमळायला लागला, कळवलं तर सगळं मारतील, बँकेचं कर्ज आहे, तुम्ही काय, नोकरीवाले. मला पुढे बोलता येईना, कारण तो खोटं काहीच बोलत नव्हता. अप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. ते असे फोन घेत नाहीत कधी. बराच वेळ त्याचं ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "दपाडीसन काय भेटी रे भाऊ? मी देखेल शे. सकायले येस मी तुनाकडे." लपवून काय मिळणार, असं. आणि खरंच सकाळी गेले, मला सोबत घेऊन.

डॉक्टर आले, सूट घालून. त्यांनी दोन जिवंत आजारी कोंबड्यांच्या घशातले आणि मागचे स्वॅब घेतले, मेलेल्या तीन पिशवीत पिशवी घालून बंद केल्या, सगळं बर्फाच्या खोक्यात. मग लेबल लिहायला लागले, प्राणी, गाव, तालुका, तारीख. तोवर मी शेडच्या बाहेर अप्पांना सांगत होते की फ्लूचा व्हायरस सापडला ना की त्याच्या नावात प्राणी येतो, गाव येतं आणि वर्ष येतं, आणि ते नाव कायमचं राहतं, २००६ च्या व्हायरसच्या नावात असं 'चिकन' आणि 'नवापूर' आहे, जगात कुठेही कोणी त्याची तुलना केली की आपल्या गावाचं नाव टाइप करतं. अप्पांना हे माहीत नव्हतं. ते तसेच वळून डॉक्टरांजवळ गेले, जरा लांबच उभे राहिले आणि म्हणाले, "गावनं नाव नीट लिखा साहेब."

डॉक्टरांनी लेबल त्यांच्याकडे फिरवून दाखवलं. मग खोक्याला टेप लावली आणि गाडी निघाली. रिपोर्टला पाच दिवस लागले, तेवढे दिवस त्या पोल्ट्रीवाल्याने शेडला कुलूप लावून आत-बाहेर एकटाच केलं आणि अप्पा रोज संध्याकाळी त्याला फोन करायचे, काय बोलायचे माहीत नाही. पाचव्या दिवशी कळलं की मानमोडी आहे.